पाळकाचं कीर्तन

माझं लग्न ठरत होतं तेव्हा वडिलांनी मुलाचं कौतुक एकाच वाक्यात केलं. "पुण्याला धर्मशास्त्र शिकलाय, पण इंग्रजी फाडत नाही." वडील जालन्याला मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. साहेब आणि मडमा त्यांनी जवळून पाहिल्या होत्या, त्यामुळं इंग्रजी न फाडणारा पाळक त्यांना आवडला. मी शाळेत शिकवत होते आणि पेटी वाजवून गात होते. मुलगा पाहायला आला तेव्हा मला गाणं म्हणायला सांगितलं. मी उपासनेतलं नेहमीचं म्हटलं. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "आवाज छान आहे. पण ही चाल कुणाची?"

चाल कुणाची असते, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आमची माणसं ज्या चालीत गायची ती आमची, एवढंच मला माहीत होतं.

"विलायतेतल्या गावाची आहे," तो म्हणाला. "त्या गावाला आपण कधी जाणार नाही."

मला ते फार आवडलं. त्या वयात असली वाक्यं आवडतात.

लग्नानंतर मी औरंगाबादला आले. छावणीच्या अलीकडं आमचं देऊळ आणि देवळामागं पाळकाच्या दोन खोल्या. घरात आम्ही दोघं आणि सासरे. सासूबाई आधीच गेल्या होत्या. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. निजामाच्या राज्यात ते वैजापूरकडच्या एका खेड्यात उपदेशक होते. शिक्षण उर्दूत झालेलं, त्यामुळं रागावले की अर्धं उर्दूच बोलायचे. बाहेर पडताना काळा कोट घालायचे, उन्हाळ्यातसुद्धा.

आबांची एक गोष्ट आमच्या घरात पुन्हा पुन्हा निघायची. रझाकारांच्या दिवसांत ते सासूबाईंना आणि तान्ह्या मुलाला, म्हणजे आमच्या ह्यांना, घेऊन ज्वारीत लपून राहिले होते. पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, गावात तिरंगा लागला. आबांनीही उपदेशकाच्या खोलीवर झेंडा लावला. दुसऱ्या गावचे काही लोक आले आणि त्यांना विचारू लागले, "तू कुणाचा? निजामाचा का हिंदुस्थानचा?"

आबा म्हणाले, "मी येशूचा."

त्यातल्या एकानं आबांच्या थोबाडीत मारली. "आन् तो कुठल्या जिल्ह्याचा?"

लोक हसले आणि निघून गेले. एवढीच गोष्ट. बापलेकांनी तिच्यातून दोन वेगळे धडे घेतले. आमच्या ह्यांना वाटायचं, येशू कुठल्या जिल्ह्याचा ते आपण लोकांना सांगू शकलो नाही, ही आपली चूक. तो इथलाच आहे असं दाखवता आलं असतं तर थोबाडीत बसली नसती. आबांचं म्हणणं वेगळं होतं. ज्याला मारायचंय तो प्रश्न आधीच ठरवून येतो. तुम्ही काहीही उत्तर द्या.

लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं मी नवऱ्याच्या बाजूनं होते. त्यांचं बोलणं ऐकलं की कुणालाही तसंच वाटलं असतं. ते म्हणायचे, देव माणूस झाला म्हणजे नुसता कुठलाही माणूस झाला नाही, एका गावचा झाला. तिथल्यासारखं जेवला, तिथल्या बोलीत बोलला. मग तो आमच्या मुलखात आल्यावर त्याला पाव का लागावा? इथं ज्वारी पिकते. त्यानं बाकावर का बसावं? इथं सतरंजी आहे. आणि देशाचंही तसंच, ते म्हणायचे. एक देश व्हायचा तर प्रत्येकानं आपापलं घेऊन एका पंगतीला बसायला हवं. वेगळं ताट मांडून दूर बसलं की लोक परकं समजणारच.

असं बोलता बोलता त्यांनी पहिलं कीर्तन रचलं. बायबलातल्या शोमरोनी बाईचं. भर दुपारी प्रभू विहिरीच्या काठावर दमून बसतो, आणि जिच्या हातचं पाणी कुणी प्यायचं नाही अशा बाईकडं पाणी मागतो. त्यातला एक अभंग मी गायचे.

तहानला देव। बैसला काठाशी।
मागे तिच्यापाशी। घोट पाणी॥

त्याला चाल मी लावली होती. खेड्यात जात्यावर बायका गातात तशी, थोडी लांबवलेली. मंडळीतले एक गृहस्थ एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते, ते पखवाज शिकले. आम्हा तिघांचाच ताफा.

मग बाकांचा दिवस आला. ह्यांनी ठरवलं की देवळातली बाकं व्हरांड्यात ठेवायची, आत सतरंज्या अंथरायच्या आणि येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून जे प्रभुभोजन होतं, त्याला पावाऐवजी भाकरी मोडायची. शनिवारी संध्याकाळी त्यांनी आणि मेकॅनिकनं मिळून बाकं बाहेर काढली. त्यांना एक गोष्ट पुरती कळली नव्हती. ती बाकं आबांनी करून घेतली होती. शहरात आल्यावर घरोघर फिरून लाकूड मागितलं, सुतारापाशी स्वतः बसून राहिले. तोवर देवळात बाकं फक्त साहेबांसाठी, पुढच्या रांगेत असायची.

रविवारी आबा कोट घालून आले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले, दाराकडं पाठ करून. हे बाहेर गेले.

"आबा, आत या. सगळे थांबलेत."

"मी हितंच ठीक हाय."

"जमिनीवर बसणं ही आपल्या देशाची रीत आहे, आबा. त्यात कमीपणा नाही."

आबा वळले. देवळातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "कुणाच्या देशाची? चावडीपुढं माझा बाप धुळीत बसायचा तवा पाटील वर घोंगडीवर बसायचा. दोघांची रीत एकच व्हती का? मी ख्रिस्ती झालो तो जमिनीवरनं उठाया. तू मला परत खाली बसव म्हणतूस, आन् त्याला देशभक्ती म्हणतूस."

ह्यांच्याकडं उत्तर होतं. त्यांच्याकडं नेहमी उत्तर असायचं. "पण आता सगळेच खाली बसणार, आबा. मीसुद्धा."

"सगळेच म्हंजी कोण? ह्या चार भिंतीतले? पाटलाला बोलाव, त्याला माझ्याशेजारी सतरंजीवर बसव. मग मी बी बसतो."

त्या दिवशी निम्मी मंडळी आत बसली, निम्मी घरी गेली. जी बसली त्यातल्या बायकांना कीर्तन फार आवडलं. भाकरीचा तुकडा जिभेवर ठेवताना काहीजणी रडल्या. मीही, खोटं कशाला सांगू. आबा उपासना संपेपर्यंत बाहेर बसून होते.

त्याच सुमारास जिल्ह्याच्या एकात्मता समितीवर ह्यांना घेतलं. वर्तमानपत्रात नाव आलं, ते कापून त्यांनी वडिलांना दाखवलं. आबांनी चष्मा लावून वाचलं आणि परत दिलं. प्रजासत्ताक दिनाला मैदानावर सर्वधर्म प्रार्थना होती. हे धोतर, सदरा आणि खांद्यावर उपरणं अशा वेशात गेले. मी शाळेच्या मुलींना घेऊन आले होते, जवळच उभी होते. एक अधिकारी लगबगीनं आले आणि ह्यांना म्हणाले, "पाळकसाहेब, हे काय? झगा कुठाय?"

"मी असाच प्रार्थना करतो."

"अहो, पण फोटोत ख्रिस्ती कोण ते कळायला नको का? तुम्ही आणि भटजी सारखेच दिसताय. जा, पटकन घालून या. वेळ आहे अजून."

मला वाटलं, हे आता त्यांना सुनावतील. घरात मला जे समजावून सांगायचे त्यातलं थोडं तरी बोलतील. त्याऐवजी कुणाची तरी सायकल घेतली, घरी गेले, पांढरा झगा घालून आले. फोटो निघाला. रांगेत चार धर्म उभे, प्रत्येकजण आपापल्या कपड्यात. खाली छापलं होतं, विविधतेतून एकता.

घरी आल्यावर मी विचारलं, "का ऐकलंत?"

"सुरुवातीला थोडं ऐकावं लागतं," ते म्हणाले.

कीर्तन शहराबाहेर गेलं ते वैजापूरच्या बाजारामुळं. आठवडी बाजाराच्या दिवशी आम्ही कांद्याच्या गाड्यांपलीकडं एका झाडाखाली उभे राहून गायचो. तिथं एक वयस्क शेतकरी नेहमी थांबायचे. गळ्यात माळ, डोक्याला पटका. एकदा ते जवळ येऊन म्हणाले, "बुवा, देव कोणता ते सोडा. तुमचं गानं लई गोड हाय. आमच्या गावाला या. मारुतीच्या पारावर बसू."

ह्यांनी स्पष्ट सांगितलं, "आम्ही ख्रिस्ती आहोत."

"व्हय, ठावं हाय की. येशूचं का असंना. चाल आमच्या वळखीची हाय."

घरी येताना एसटीत हे लहान पोरासारखे खिडकीतून बघत हसत होते. मला म्हणाले, "बघितलंस? चाल ओळखीची आहे."

आम्ही गेलो. दिवेलागणीला पारासमोर सतरंज्या पडल्या होत्या, गाव जमलं होतं. कीर्तन शोमरोनी बाईचंच. मी अभंग म्हटला तेव्हा पुढं बसलेली त्या शेतकऱ्याची बायको पदर डोळ्याला लावत होती. प्रभू त्या बाईला पाणी मागतो आणि ती म्हणते, तू मला कसा मागतोस, आमचं तुमचं तर काही चालत नाही, तिथं मागं बसलेली माणसंही पुढं सरकली. कीर्तन संपल्यावर लोक ह्यांच्या पाया पडले. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

मग ती बाई पितळी तांब्या भरून घेऊन आली. ह्यांच्यापुढं धरला. तेवढ्यात मागून कुणीतरी तिच्या कानाशी लागलं. आबा जिथं उपदेशक होते ते खेडं तिथून जवळच, आणि आमचं मूळ घर कुठल्या वस्तीतलं हे तिथल्या कुणालातरी माहीत असणारच. तिचा हात थांबला. तिनं तांब्या मागं घेतला, जरा वर उचलला आणि म्हणाली, "ओंजळ करा, बाबा."

ह्यांनी ओंजळ केली. ती वरून पाणी ओतत राहिली, धार लांब धरून, तांब्या लागू नये म्हणून. ते प्याले. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, मला तहान नाही. मेकॅनिक तर आधीच उठून पखवाजाला खोळ घालायला लागले होते. जेवायला गोठ्यापाशी बसवलं, पत्रावळीवर. मी पत्रावळीला हात लावला नाही.

परतीच्या वाटेवर मी ह्यांना म्हणाले, "आत्ताच तर सांगितलं तुम्ही त्यांना. आत्ताच रडली ती."

"एका कीर्तनात सगळं होत नाही."

"वरून पाणी घातलं तुम्हाला."

"दिलं ना पण?"

काय झालं ते मी आबांना सांगितलं नाही. मेकॅनिकनं सांगितलं असावं. आबांनी ह्यांना काही विचारलं नाही, आणि ते न विचारणं ह्यांना जास्त लागलं असं मला वाटतं.

पुढच्या वेळी पुन्हा त्याच गावचं बोलावणं आलं. मी नको म्हणत होते. हे ऐकेनात. दिवसाउजेडी पोचलो. पारापाशी जीप उभी होती आणि तालुक्याहून आलेली काही तरुण मुलं. त्यातला एक पुढं येऊन म्हणाला, "कीर्तनकार तुम्हीच का? पाळक आहात ना? मग पाळकासारखं राहा. आमच्या वेशात येऊन भोळ्या माणसांना बाटवता?"

"वेश माझाही आहे," हे म्हणाले. "माझा आजा इथलाच. भाषा, अभंग, हे सगळं माझंही आहे."

"चोरलेलं आहे."

त्यानं ह्यांच्या खांद्यावरचं उपरणं ओढून घेतलं. दुसऱ्यानं माझी पेटी उचलली आणि पाराच्या दगडावर आपटली. भाता फाटला, पट्ट्या निखळून मातीत पडल्या. मी वेचायला वाकले तर एक म्हणाला, "राहू द्या बाई, इंग्रजांकडनं नवी येईल." आणि ह्यांना जीपमध्ये घालून पोलीस ठाण्यात नेलं. मीही चढले. मेकॅनिक गर्दीतून सुटून शहराच्या एसटीत बसले.

ठाण्यात फौजदार वाईट माणूस नव्हता. हेच जास्त त्रासाचं होतं. त्यानं आम्हाला बसायला लावलं, चहा मागवला. म्हणाला, "हे बघा, घटनेनं तुम्हाला धर्म दिलाय, मी नाही म्हणत नाही. पण तुमचं तुमच्या पद्धतीनं करा ना. आमच्या पद्धतीनं कशाला करता? लोकांचा गोंधळ होतो."

"आमची पद्धत कोणती, साहेब?"

"ती चर्चमधली. पियानो वगैरे."

त्या माळकरी शेतकऱ्याला बोलावून आणलं होतं. फौजदारानं विचारलं, तुम्हीच बोलावलं का ह्यांना? म्हातारा पटका हातात घेऊन उभा होता. एकदा आमच्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "नाय जी. आपले आपण आले. देवाचं नाव घेत व्हते, आमाला वाटलं आपलेच हायेत."

ह्यांनी डोळे मिटून घेतले. त्या मुलांनी मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

दुपार कलत आली तेव्हा आबा आले. काळा कोट, हातात काठी, एसटीच्या धुळीनं मिशा पांढऱ्या झालेल्या. फौजदारानं खुर्ची दिली, ते बसले नाहीत. उभ्यानंच बोलले.

"साहेब, ह्यो माझा मुलगा. त्याचं गानं मला बिलकुल पसंत नाय. मी एकदा बी आत बसून ऐकलं नाय, साऱ्या मंडळीला इचारा. पर त्यानं कुणाची चोरी केली नाय. ते त्याचंच हाय. माझी आई जात्यावर त्याच चालीत गायची. ती ख्रिस्ती नव्हती, तिला गावच्या देवळाच्या पायरीवर बी येऊ देत नव्हते, आन् तरी गायची. चोरी कुणी कुणाची केली ह्याचा इन्साफ करायचा असंल तर तिच्यापासनं सुरू करा."

मी आबांकडं पाहत राहिले. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि जात्यावर गाणाऱ्या त्या आजीबद्दल त्यांनी आजवर एक अक्षर काढलं नव्हतं. ह्यांनाही ते माहीत नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

फौजदारानं मान हलवली. म्हणाला, "बाबा, तुमचं बरोबर असंल. पण मला तालुका शांत ठेवायचाय." यापुढं खेड्यात कीर्तन करणार नाही असं ह्यांच्याकडून लिहून घेतलं आणि सोडून दिलं. पेटी फोडणाऱ्यांकडून काही लिहून घेतल्याचं मी पाहिलं नाही.

हे दुसऱ्या दिवशी एकात्मता समितीच्या त्या अधिकाऱ्यांना भेटायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं, फार वाईट झालं म्हणाले, आणि सल्ला दिला की अशा गोष्टींचा गाजावाजा न करण्यातच एकात्मता आहे. पुढच्या बैठकीचं बोलावणं आलं नाही. आमच्या मंडळीच्या पंचांनी तर त्याच आठवड्यात सभा घेतली. त्यातले एकजण म्हणाले, "पाळकसाहेब, आम्ही अल्पसंख्य लोक. मान खाली घालून राहावं. तुम्ही आमच्यावर उजेड पाडलात." बाकं आत गेली. मिशनमधल्या वरच्यांनी ह्यांची बदली दूरच्या जिल्ह्यात केली.

आबा आमच्याबरोबर आले नाहीत. ते मंडळीतल्याच एका घरी राहिले आणि वर्षाच्या आत गेले. आम्ही पोचेपर्यंत माती झाली होती. ह्यांनी कबरीपाशी प्रार्थना केली, पुस्तकात छापलेली. मला वाटलं होतं ते गातील. निदान त्या दिवशी.

ते पुन्हा कधीच गायले नाहीत. नव्या ठिकाणी अगदी नमुनेदार पाळक झाले. वेळेवर उपासना, पुस्तकातला क्रम, पुस्तकातल्या चाली, आटोपशीर उपदेश. लोक खूश होते. मी एकदा विचारलं, घरात तरी म्हणू या का? ते म्हणाले, "कशाला? कुणाचं आहे ते?" मला पाहायला आले तेव्हा हाच माणूस चाल कुणाची ते विचारत होता. मला त्यांची दया यायला हवी होती. राग आला. अजूनही येतो. त्या मुलांचा येतो, त्या माळकऱ्याचा येतो, पंचांचा येतो, पण सगळ्यात जास्त ह्यांचा येतो, कारण बाकीच्यांवर मी विश्वास टाकला नव्हता.

हे वारल्यावर मी परत इथं औरंगाबादला आले. शहराचं नाव आता बदललं आहे, आमच्या देवळालाही नवा रंग आहे. तरुण पोरं गिटार आणि कीबोर्डवर हिंदी गाणी म्हणतात. वाईट गात नाहीत. मागच्या नाताळाच्या सुमारास त्यांच्यातली एक मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "आजी, तुमचे मिस्टर इथं पाळक होते ना? माझी आजी सांगायची."

मी आशेनं विचारलं, "काय सांगायची?"

ती जरा घुटमळली. "हेच की... त्यांना पोलिसांनी नेलं होतं."

"आणखी काही?"

"नाही. का, आणखी काय केलं होतं त्यांनी?"

मला सांगता आलं असतं. सगळा अभंग मला अजून येतो, चालीसकट. पण उपासना सुरू व्हायची वेळ झाली होती आणि ती मुलगी मागं वळून मैत्रिणीला जागा ठेवत होती. मी म्हणाले, "काही नाही, पाळक होते."